दोन गावांमधली फट

अण्णा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या एका योजनेच्या सुनावणीत बसले होते. समोर एक गृहस्थ आपल्या जमिनीच्या गटातून जाणारा रस्ता शेजाऱ्याच्या गटात ढकला म्हणून तावातावानं सांगत होते आणि तो शेजारी त्यांच्याच मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. मी फोन कानाला लावला, ऐकला, खाली ठेवला आणि कागदावर लिहिलं, 'रस्ता हलवणे शक्य नाही.' मग पुढचं नाव पुकारलं. नंतर सगळ्यांना मी सांगितलं की मला उठता आलं नाही. खरं म्हणजे मी उठले नाही. तुमच्या दारात जायची मला भीती वाटत होती, आणि ती का वाटत होती हे तुम्हाला कधीच कळलं नाही.

ते सांगायलाच बसलेय. उशीर झालाय, माहीत आहे.

आपल्या नगररचनेच्या ऑफिसात हातानं नकाशा काढणारे तुम्ही शेवटचे आरेखक आणि कॉम्प्युटरवर नकाशा काढणारी मी पहिली. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलात, स्क्रीनकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "कुठली गं तू?" फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतली म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. "मग फुटबॉल खेळायचं सोडून हिकडं कशाला आलीस?" मला राग आला होता. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तुम्ही तसेही कुणाशी बोलत नव्हता. तुम्ही टेबलावर वाकलेले असायचा आणि तुमच्या पेनाची रेघ कागदावर सरकताना बारीक आवाज यायचा. त्या आवाजावरून मला तुमचा मूड कळायला लागला, पण त्याला पुढं दोन वर्षं गेली.

कोल्हापूरच्या भोवतीची सगळी गावं मिळून एक नकाशा करायचं काम आलं तेव्हा ऑफिसात कुणीच हात वर केला नाही. या गावांची तऱ्हा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, कारण तुम्ही त्यातल्याच एकातले, शेंडवाडीचे. निम्मं गाव सकाळी शहरात कामाला जातं, निम्मं गाव डेअरीला दूध घालून उसाला पाणी पाजायला जातं. एका गल्लीत गोठा, पुढच्या गल्लीत तीन मजली अपार्टमेंट. गटार ग्रामपंचायतीचं, ते जाऊन मिळतं शहराच्या नाल्याला, आणि नाला तुंबला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. या सगळ्यांचा रस्ता, पाणी, कचरा, झाडं, एसटी आणि शहर बस एका कागदावर आणायची. साहेब म्हणाले, "अण्णा आणि ही पोरगी करतील." तुम्ही म्हणालात, "करू की. मरायच्या आत झालं म्हंजे बास." आम्ही हसलो होतो.

हद्दवाढीवरून तर आपलं रोज वाजायचं. मी पेठेतली, मला वाटायचं शहर एवढंसं राहिलं तर गुदमरून जाईल, गावं आत घ्यायलाच हवीत. तुम्ही डबा उघडता उघडता सुरू व्हायचा. "आत घेऊन करणार काय? घरफाळा वाढवणार आणि तुमचा कचरा आमच्या शिवंत आणून टाकणार." मी म्हणायचे, बस तुम्हाला शहराची हवी, दवाखाना शहराचा हवा, कॉलेज शहराचं हवं, फक्त घरफाळा नको. तुम्ही म्हणायचा, "व्हय, नकोच." एवढं सरळ उत्तर आल्यावर माणसानं पुढं काय बोलायचं? तो वाद आपण मिटवला नाही. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते आणि खरं सांगू, हल्ली तुमची बाजू मला जास्त पटते. हे तुमच्या हयातीत कबूल केलं असतं तर तुम्ही वर्षभर छळलं असतं मला.

तुमची काम करायची रीत ऑफिसात चेष्टेचा विषय होती. दोन गावांचे नकाशे जोडायच्या आधी तुम्ही त्या दोन गावांची शीव पायी फिरायचा. दोन्हीकडची एकेक म्हातारी माणसं बरोबर घ्यायची, दोघांच्या मधून चालायचं, आणि दोघं भांडायला लागले की थांबून वहीत लिहायचं. "जिथं भांडत्यात तिथंच खरी शीव असती," असं तुमचं म्हणणं. मला तुम्ही सगळीकडे ओढत न्यायचा. उसाच्या पानांनी हात कापून निघायचे. दिवस कलायला लागला की मात्र तुमची घाई व्हायची, कारण सूर्य मावळायच्या आत तुमचं जेवण व्हायला हवं. बांधावर बसून भाकरी आणि घट्ट पिठलं. त्यात कांदा नाही, लसूण नाही, म्हणून मी तोंड वाकडं करायचे आणि तुमच्याच डब्यातली दुसरी भाकरी संपवायचे. घरून काकी नंतर नंतर चारच्या जागी सहा भाकऱ्या द्यायला लागल्या होत्या. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी आभार मानले नाहीत.

तेव्हाच तुम्ही मला ती शाई आणि पेन्सिलची गोष्ट सांगितलीत. जे सरकारी मोजणीत आहे तेवढंच शाईनं काढायचं. जे आपण डोळ्यांनी बघितलं पण मोजणीत नाही ते पेन्सिलीनं बाजूला लिहून ठेवायचं. "शाई सरकारची, पेन्सिल आपली." मी विचारलं होतं, मग पेन्सिल वाचणार कोण? तुम्ही म्हणालात, "पुढचं माणूस. पुढं कोणतरी येतंयच की."

पुढचं माणूस मीच होते, अण्णा.

तुमच्या शेंडवाडीच्या आणि पलीकडच्या तळेमाळाच्या मध्ये ओढा आहे. शेंडवाडीच्या मोजणीचा नकाशा अलीकडच्या काठाला संपतो, तळेमाळाचा पलीकडच्या काठाला. दोन्ही गावांनी ओढा दुसऱ्याचा म्हणून सोडून दिलेला. त्याला गट नंबर नाही, सातबारा नाही. आषाढात दोन्ही गावांतल्या बायका नवं पाणी घ्यायला त्याच ओढ्यावर येतात, हलगीच्या तालात दोन्ही काठांवरून घागरी भरतात आणि आपापल्या देवीला घालतात. पण कागदावर तो ओढा कुठंच नाही. तुम्ही निवृत्त व्हायच्या आधी पारदर्शक कागदावर केलेल्या तुमच्या ट्रेसिंगवर त्या दोन गावांच्या दोन रेघा होत्या आणि मध्ये तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची फट होती, लांबच लांब.

मी ते ट्रेसिंग स्कॅन केलं. पेन्सिल स्कॅनमध्ये उमटत नाही, निदान आमच्या त्या मशीनमध्ये तरी नाही. स्क्रीनवर गावागावांमध्ये अशा फटी सगळीकडेच दिसत होत्या. जुना कागद आकसतो, तापतो, कडा जुळत नाहीत. त्या फटी बंद करायला कॉम्प्युटरमध्ये सोय आहे, दोन रेघा निवडायच्या आणि एक बटण दाबायचं. एका दुपारी मी सगळ्या गावांच्या सगळ्या फटी बंद केल्या. मला त्या दुपारी फार हुशार वाटलं होतं. तुम्ही तोवर घरी बसला होता, तुम्हाला बोलावून शीव फिरायची गरज मला वाटली नाही. मी ओढा बुजवला अण्णा, आणि खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

त्याच्या पुढचं जास्त वाईट आहे. तुमची एक जुनी मागणी होती. शेंडवाडीतून हाक मारली तर तळेमाळात ऐकू जाते, पण बसनं जायचं तर शहरात स्टँडवर यायचं, दुसरी बस पकडायची आणि परत बाहेर जायचं. तुमची थोरली लेक तळेमाळात दिलेली. "लेकीकडं जायला मला अख्ख्या कोल्हापुराला प्रदक्षिणा घालाय लागती," असं तुम्ही प्रत्येक बैठकीत सांगायचा आणि साहेब प्रत्येक वेळी 'नोंद घेतली' म्हणायचे. सगळा नकाशा जोडून झाल्यावर मी बघितलं तर दोन गावांच्या मध्ये सरळ, स्वच्छ रेघ होती. कुणाचं शेत मधून कापलं जात नव्हतं, कुणी हरकत घेणार नव्हतं. मी त्या रेघेवर, दोन्ही गावांना लागून, रस्ता काढला. बस जाईल एवढा रुंद. दोन्ही बाजूला रहिवासाचा पिवळा रंग भरला. तुम्हाला काही न सांगता काढला, अण्णा, तुम्हाला खूश करायचं म्हणून.

योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं तेव्हा तुम्ही बघायला आलात. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा घालून आला होता. मी रस्त्यावर बोट ठेवलं. तुम्ही वाकून बघितलंत. मग खिशातून रुमाल काढलात, चष्म्याखाली घातलात. "ऑपरेशनमुळं पाणी येतंय," म्हणालात. तुम्ही रस्ताच बघितलात. त्या जागी ओढा असायला हवा होता, तो कुठं गेला, हे त्या दिवशी आपल्या दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

नुसत्या प्रारूपावर प्लॉट पडले. पिवळा रंग दिसला की थांबतं कोण? ओढ्यात मुरमाचा भराव पडला, कंपाउंड उठली, रांगेनं घरं झाली. शहरात जागा परवडत नाही म्हणून आलेली माणसं, कुणी रिक्षा चालवणारं, कुणी इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाळीला जाणारं. मग मागच्या वर्षीचा पावसाळा आला. पंचगंगेला फूग येऊन पाणी मागं सरकलं की आपल्याकडचे सगळे ओढे उलटे फिरतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पाणी नेहमीच्या वाटेनं आलं आणि त्या वाटेवर आता लोकांची स्वयंपाकघरं होती. जीव कुणाचा गेला नाही. पण माणसं शाळेच्या वर्गात राहिली, आणि तुम्ही त्यांना दूध घेऊन जात होता हे मला तुमच्या लेकीनं नंतर सांगितलं.

पाणी ओसरल्यावर तुम्ही ऑफिसात आलात. बसनं आलात, घामानं भिजलेले. "ओढा कुठं हाय नकाशात?" मी स्क्रीन लावली. तुम्ही वाकून दोन्ही गावांवरून बोट फिरवलंत. मला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं, एवढं तरी माना. मी सहज बोलून गेले, "तुमच्याच ट्रेसिंगवरून घेतलंय, अण्णा." तुमचा चेहरा उतरला. "मी फट ठेवलीती असं वाटतंय." मी नकाशा मोठा केला. "ट्रेसिंग बघू दे की एकदा." मी म्हणाले, काढून ठेवते, पुढच्या वेळी दाखवते.

तुम्ही गेल्यावर मी कपाट उघडलं. ट्रेसिंगची सुरळी सोडली, खिडकीशी नेली. दोन रेघा आणि मध्ये फट, आणि त्या फटीच्या कडेला तुमच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'मधे ओढा आहे. जोडू नये.'

मी सुरळी पुन्हा गुंडाळली आणि कपाटाला कुलूप घातलं.

साहेबांना त्याच आठवड्यात सांगितलं. आडवळणानं, चूक कुणाची हे न सांगता. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, योजना मंजुरीला निघालीय. एक शीव उघडली की सगळ्या गावांच्या शिवा उघडतील. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या. बसचे मार्ग, कचऱ्याची जागा, सगळं अडकेल. एका ओढ्यासाठी?" मला ते पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं. इतक्या वर्षांची पायपीट, इतक्या गावांची भांडणं, आणि आता कुठं कागद पुढं सरकत होता. मी स्वतःला सांगितलं की ओढ्याचं बघू, मंजुरीनंतर दुरुस्ती करू. माझं नाव वाचवू असं मात्र मी कधी मोठ्यानं म्हटलं नाही, पण मनात तेच होतं.

तुम्ही पुन्हा आलात, ट्रेसिंग मागितलंत. मी म्हणाले, "ते रेकॉर्डला गेलंय." ते माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. "तू म्हणतीस तर न्हाई ठेवली असंल फट. हात थरथरायचा त्या वर्साला." तुमचा हात तेव्हा अजिबात थरथरत नव्हता, अण्णा. त्या दिवसापासून थरथरायला लागला.

आणि मग ती ग्रामसभा. शेंडवाडीच्या डेअरीच्या हॉलमध्ये दोन्ही गावं जमलेली, ऑफिसातर्फे मी गेलेली. लोक चिडले होते. नकाशा कुणी काढला, नाव सांगा, असा गलका चालला होता. मी माइक हातात घेणार तेवढ्यात तुम्ही मागच्या बाकावरून उठलात. "नकाशा माझ्या हातचा हाय. ओढा माझ्या हातनं सुटला. मला माफ करा." आणि तुम्ही दोन्ही गावांपुढं हात जोडून उभे राहिलात. ज्यांच्या बापजाद्यांबरोबर तुम्ही शीव फिरला होता त्यांच्यापुढं. कुणीतरी खुर्ची पुढं केली, तुम्ही बसला नाहीत. मी माइक हातात धरून उभी होते. तो चालू होता. एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन.

शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही कॉटवर पडून छताकडे बघत होता. बोटानं हवेत रेघ काढत होता. "अलीकडचा काठ, मग पलीकडचा काठ. मी असंच करायचो की गं सगळीकडं. मग हितंच कसं चुकलं?" मी काकींना म्हणाले, चहा छान झालाय. एवढंच बोलले मी, आणि निघाले.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आले मी. रक्षाविसर्जन आटोपून माणसं परतत होती. काकी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं, फटीचं, बटणाचं, कपाटाचं. पिशवीतून ट्रेसिंग काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तुमच्या लेकीनं वाचून दाखवलं. काकी त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे गेल्यावर सांगतीस व्हय?"

मी रडले. त्या रडल्या नाहीत.

"सहा म्हैनं ह्यास्नी झोप न्हवती," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी कुणाला सांगणार? गावात सांग. त्यांनी जिथं हात जोडलं तिथं सांग."

ऑफिसात मी माझ्या नावानं टिपण दिलंय. ओढा चुकून वगळला गेला, चूक माझी, मूळ ट्रेसिंगवर स्पष्ट नोंद होती, रस्ता आणि रहिवास विभाग दोन्ही बदलावे लागतील. साहेबांनी वाचलं, टेबलावर उलटं ठेवलं, म्हणाले, "आता कशाला?" कुणीच नीट रागावलं नाही माझ्यावर. सगळे दमलेत, मीही. टिपण वर गेलंय. पुढं काय होईल माहीत नाही. तुमचा रस्ता आता होईल असं मला वाटत नाही, निदान तिथून नाही. लेकीकडं जायला काकींना अजूनही कोल्हापुराला प्रदक्षिणाच घालावी लागणार.

काल ग्रामसभा झाली, त्याच हॉलमध्ये. मी स्वतः मागून घेतली होती वेळ. दोन्ही गावांतली माणसं होती, पाणी शिरलेल्या घरातली बाया-माणसं पुढं बसली होती. मी माइक घेतला आणि या वेळी बोलले. ओढा भूपालअण्णांनी सोडला नव्हता, त्यांनी लिहून ठेवलं होतं, मी वाचलं नाही, आणि वाचल्यावर सांगितलं नाही. ट्रेसिंग उलगडून दाखवलं. पुढच्या रांगेतली एक बाई उठून, वाकून, अक्षरं बघून परत जाऊन बसली. वाटलं होतं आरडाओरडा होईल. तोच बरा झाला असता.

तळेमाळचे तात्या उठले. तुमच्याबरोबर ती शीव फिरलेल्यांपैकी आता ते एकटेच उरलेत. काठी टेकत माझ्यापाशी आले. आवाज चढवला नाही, अण्णा, आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"ओढ्याचं व्हईल कायतरी," ते म्हणाले. "आज न्हाई तर उद्या, पाणी आपली वाट घेतंच. पर भूपालनं आमच्याफुडं हात जोडलं हुतं की गं पोरी. आनि आमी, ऱ्हाऊ दे म्हनलो न्हाई. ते हात आता कसं खाली करायचं?"